ओलावा मुठीने जोखायचा की कॅमेऱ्याने?

विशेष प्रतिनिधी

पाऊस पडून गेल्यावर आपल्याकडचा शेतकरी मूठभर माती हातात घेऊन दाबतो. गोळा झाला आणि बोटाच्या टोकाने फुटला, तर जमिनीला वाफसा आला असे तो समजतो. त्यासाठी त्याला कोणतेही उपकरण लागत नाही. चीनच्या सिचुआन आणि ग्वेइझोउ प्रांतांतील मद्यनिर्मिती केंद्रांमध्येही जुने कारागीर असेच करत आले आहेत. आंबवलेल्या ज्वारीचा मूठभर चोथा ते हातात घेऊन दाबतात. बोटांच्या फटींतून पाणी डोकावते की नाही, गोळा टिकतो की विस्कटतो, हाताला चिकटतो की मोकळा होतो, यावरून त्या घाणीत पाणी किती टाकायचे याचा निर्णय होतो.

या मुठीची जागा आता एका विशेष प्रकारच्या कॅमेऱ्याने घ्यावी, यासाठी चीनमध्ये पद्धतशीर प्रयत्न सुरू आहेत. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टिपून पदार्थातील पाण्याचा नकाशाच समोर मांडणारे 'हायपरस्पेक्ट्रल इमेजिंग' हे तंत्र मद्याच्या आंबवणावर वापरून पाहणारे संशोधन गेल्या काही वर्षांत सातत्याने प्रसिद्ध होत आहे. सिचुआनमधील विज्ञान व अभियांत्रिकी विद्यापीठ त्यात आघाडीवर आहे. वरवर पाहता हा एका उद्योगाच्या गुणवत्ता नियंत्रणाचा तांत्रिक विषय वाटतो. मात्र एखाद्या वस्तूत पाणी किती आहे, हे कोणी ठरवायचे आणि तो निर्णय इतरांना तपासता येईल की नाही, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न महाराष्ट्रातील बाजार समित्यांनाही अपरिचित नाही.

पाण्याचा हिशेब

'बायजिऊ' या नावाने ओळखले जाणारे चिनी मद्य मुख्यतः ज्वारीपासून तयार होते. काही प्रकारांत तांदूळ, गहू, मका यांचीही जोड असते. यीबिन शहरातील 'वुलियांगये' हे मद्य पाच धान्यांपासून बनते आणि त्याच्या नावाचा अर्थही तोच आहे. बिअर किंवा व्हिस्कीसाठी धान्याचा पातळ द्राव आंबवला जातो. बायजिऊची रीत वेगळी आहे. येथे वाफवलेले धान्य ओलसर, पण घट्ट अवस्थेतच आंबवतात. द्राव असा नसतोच. पाणी असते ते दाण्यांत आणि दाण्यांच्या मधल्या जागेत. आंबवण संपल्यावर तोच ओला ढीग मोठ्या पिंपात भरून त्यातून वाफ सोडली जाते आणि ऊर्ध्वपातनाने मद्य मिळवले जाते.

या पद्धतीत ढिगाच्या वजनाचा निम्म्याहून थोडा अधिक भाग पाण्याचा असतो. हे प्रमाण थोडे जरी चुकले, तरी सारे गणित बिघडते. पाणी कमी पडले, तर पिष्ट नीट फुलत नाही, विकरांचे काम मंदावते आणि यीस्टची वाढ खुंटते. पाणी जास्त झाले, तर आम्ल तयार करणारे जिवाणू बळावतात, मद्यार्कासाठी हवी असलेली साखर तेच फस्त करतात आणि ढीग चिकट होऊन वाफेला वाट मिळत नाही. ढीग मोकळा राहावा म्हणून त्यात भाताचे तूस मिसळण्याची प्रथा आहे.

आकड्यांतच बोलायचे, तर ५५ टक्के ओलावा असलेल्या एक टन ढिगात ४५० किलो कोरडा माल असतो. ओलावा ५७ टक्के झाला, की तो ४३० किलोवर येतो. दोन टक्क्यांचा फरक किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात कोरड्या मालात तो साडेचार टक्क्यांच्या घरात जातो.

आणखी एक अडचण आहे. सिचुआनमधील 'तीव्र सुवासा'च्या बायजिऊत ऊर्ध्वपातन झालेला जुना चोथा टाकून न देता त्यात नवे धान्य मिसळून तो पुन्हा खड्ड्यात भरतात. लुझोउ शहरातील एका प्रसिद्ध उत्पादकाचे मातीचे खड्डे १५७३ सालापासून वापरात असल्याचे मानले जाते आणि १९९६ मध्ये त्यांना राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा मिळाला. अशा खड्ड्यात एका फेरीतील चूक त्या फेरीपुरती राहत नाही. आजचा जादा ओलावा आणि आम्लता पुढच्या फेरीच्या मालात उतरते. विरजण बिघडले, की दुसऱ्या दिवशीचे दहीही बिघडते, तसाच हा प्रकार आहे.

सरासरीने झाकलेले सत्य

ओलावा मोजण्याची प्रमाण पद्धत जुनी आणि सोपी आहे. नमुन्याचे वजन करायचे, तो सुमारे १०५ अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचा आणि पुन्हा वजन करायचे. दोन वजनांतील फरक म्हणजे ओलावा. या पद्धतीचे दोन दोष आहेत. पहिला म्हणजे वेळ. उत्तर येईपर्यंत काही तास उलटतात आणि तोवर तो माल खड्ड्यात जाऊन बसलेला असतो. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. नमुना असतो मूठभर आणि त्यावरून निर्णय होतो काही टनांचा.

आंबवणाच्या खड्ड्यात पाणी सर्वत्र सारखे नसते. आंबवण चालू असताना सुटलेले पाणी हळूहळू खाली झिरपते. त्यामुळे तळाचा थर ओला आणि वरचा तुलनेने कोरडा राहतो. मधल्या थरातील नमुना घेतला, तर सरासरी ठीक येईल. पण वर आणि खाली काय चालले आहे, हे तीत दिसणार नाही.

'दाछू' या गव्हाच्या विटांबाबत हे अधिकच लागू पडते. भरडलेला गहू पाण्यात कालवून त्याच्या विटा पाडतात आणि बंद खोल्यांत गवताच्या उबेत काही आठवडे ठेवतात. हवेतील आणि गवतावरील बुरशी, यीस्ट व जिवाणू त्यात वस्तीला येतात आणि हीच वीट नंतर दळून विरजणासारखी धान्यात मिसळली जाते. विटा पाडताना त्यांत साधारण ४० टक्क्यांच्या आसपास पाणी असते. तयार विटेत ते १५ टक्क्यांच्या खाली यावे लागते. मात्र वीट बाहेरून घाईने वाळली, तर तिच्या पृष्ठभागाचे कवच होते आणि पोटातले पाणी आतच कोंडते. अशा विटेचा गाभा आंबूस आणि काळपट होतो. तिचा सरासरी ओलावा मात्र निर्दोष विटेच्या जवळपास असू शकतो. प्रश्न पाणी किती आहे एवढाच नसून ते कोठे आहे हाही असतो. मुठीला याचा थोडा अंदाज येतो, भट्टीला मुळीच येत नाही. कॅमेऱ्याचे महत्त्व नेमके येथे आहे.

चंद्रावरून खड्ड्यापर्यंत

साध्या कॅमेऱ्यात प्रत्येक बिंदूची नोंद लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन रंगांत होते. हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा त्याच बिंदूवरून परावर्तित होणारा प्रकाश शंभरहून अधिक अरुंद पट्ट्यांत विभागतो. त्यांतील पुष्कळसे पट्टे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे असतात. पाण्याचा रेणू या प्रकाशातील ठरावीक तरंगलांबी शोषून घेतो. ९७०, १,४५० आणि १,९४० नॅनोमीटरच्या आसपास हे शोषण ठळकपणे दिसते. जेथे पाणी अधिक, तेथे त्या तरंगलांबीचा परावर्तित प्रकाश कमी. सरकत्या पट्ट्यावरून जाणाऱ्या मालाची कॅमेरा एकेक ओळ टिपत जातो आणि संगणक त्या ओळी जोडून पाण्याचे रंगीत चित्र तयार करतो. कोठे निळे, कोठे पिवळे, कोठे लाल. म्हणजेच कोठे ओले आणि कोठे कोरडे.

या तंत्राची दोन्ही अंगे नवी नाहीत. अवरक्त प्रकाशाने धान्यातील ओलावा मोजण्याचा पाया अमेरिकेच्या कृषी खात्यातील शास्त्रज्ञ कार्ल नॉरिस यांनी १९६०च्या दशकात घातला. प्रत्येक बिंदूचा वर्णपट टिपणारे कॅमेरे १९८०च्या दशकात विमानांतून पृथ्वीचे निरीक्षण करण्यासाठी विकसित झाले. भारतीय वाचकांना या तंत्राची ओळख वेगळ्या निमित्ताने झालेली आहे. २००८ मध्ये झेपावलेल्या 'चांद्रयान-१'वर अमेरिकेच्या 'नासा'चे 'मून मिनरॉलॉजी मॅपर' हे उपकरण होते. चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याच्या आणि हायड्रॉक्सिलच्या खुणा असल्याचे सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर झाले, ते याच उपकरणाने टिपलेल्या वर्णपटांच्या आधारे. तेथे वापरलेली तरंगलांबी तीन हजार नॅनोमीटरच्या आसपासची होती, तत्त्व मात्र एकच. पुढे 'इस्रो'ने २९ नोव्हेंबर २०१८ रोजी 'हायसिस' हा खास या तंत्राचा उपग्रह अवकाशात पाठवला. चंद्रावरील पाण्याचा माग काढणारे तत्त्वच आता आंबवलेल्या ज्वारीच्या ढिगाकडे वळले आहे.

कॅमेऱ्याचा गुरू कोण?

मात्र हा कॅमेरा पाणी 'मोजतो' असे म्हणणे पूर्णतः बरोबर नाही. तो मोजतो प्रकाश. त्या प्रकाशावरून पाण्याचा आकडा काढण्यासाठी त्याला आधी शिकवावे लागते. अनेक नमुन्यांची छायाचित्रे घ्यायची, तेच नमुने भट्टीत वाळवून त्यांचा ओलावा काढायचा आणि दोहोंमधील संबंध संख्याशास्त्राच्या आधारे संगणकात बसवायचा, अशी ही रीत आहे. थोडक्यात, ज्या भट्टीला बाजूला सारायचे तीच कॅमेऱ्याची गुरू ठरते. गुरूच्या चुका शिष्यात उतरणे मग ओघाने आलेच.

आंबवलेल्या धान्यात केवळ पाणी नसते. त्यात मद्यार्क आणि बाष्पशील आम्लेही असतात. भट्टीत पाण्याबरोबर तीही उडून जातात आणि वजनातील सगळी घट 'ओलावा' म्हणून नोंदली जाते. जो आकडा कॅमेऱ्याला सत्य म्हणून शिकवला जातो, त्यातच काही अंश मद्यार्काचा असतो. शिवाय मद्यार्काच्या रेणूलाही अवरक्त प्रकाशाचे स्वतःचे शोषण आहे. ते पाण्याच्या शोषणाशी अंशतः मिसळते. आंबवणाच्या आरंभी मद्यार्क जवळपास नसतो, शेवटी तो असतो. त्यामुळे एका टप्प्यावर शिकवलेला कॅमेरा दुसऱ्या टप्प्यावर तितकाच विश्वासार्ह राहील, असे गृहीत धरता येत नाही.

दुसरी मर्यादा खोलीची आहे. हा प्रकाश पदार्थात काही मिलिमीटरच्या पलीकडे फारसा शिरत नाही. विटेच्या पोटातील पाणी पाहायचे, तर वीट कापावी लागते. ढिगाच्या आतला थर पाहायचा, तर तो उपसून पट्ट्यावर पसरावा लागतो. वस्तूला हात न लावता तपासणी होते, हा या तंत्राचा गुण म्हणून सांगितला जातो. परंतु तो पृष्ठभागापुरताच खरा आहे. चुंबकीय अनुनादाच्या तंत्राने आतले पाणीही पाहता येते. मात्र ती यंत्रणा वाफेने आणि धुळीने भरलेल्या कारखान्यात सरकत्या पट्ट्याशेजारी उभी करणे हे वेगळेच आव्हान आहे.

तिसरी अडचण परिस्थितीची. धान्याचे तापमान बदलले, की पाण्याची शोषणरेषा किंचित सरकते. दाणे भरड की बारीक, तूस किती, रंग गडद की फिका यांचाही वर्णपटावर परिणाम होतो. प्रकाशासाठी वापरले जाणारे हॅलोजन दिवे स्वतःच गरम असतात आणि नमुन्याचा पृष्ठभाग वाळवतात. एका कारखान्यातील ज्वारीवर तयार केलेले गणित दुसऱ्या कारखान्यात जसेच्या तसे चालत नाही, हा तर या क्षेत्रातील सर्वपरिचित अनुभव आहे. एकाच घाणीतील नमुन्यांपैकी काहींवर कॅमेऱ्याला शिकवून उरलेल्यांवर त्याची परीक्षा घेतली, तर निकाल उत्तम येतो यात नवल नाही. खरी परीक्षा पुढच्या हंगामातील धान्यावर, वेगळ्या खड्ड्यावर आणि वेगळ्या ऋतूत होते. आजवरच्या संशोधनाचा मोठा भाग प्रयोगशाळेतील नमुन्यांवर आधारलेला आहे, हे या संदर्भात लक्षात ठेवावे लागेल.

वारसा आणि यंत्र

तरीही चिनी मद्यउद्योगाला या तंत्राचे आकर्षण का वाटते, हे समजून घेतले पाहिजे. हा उद्योग सध्या सुखावलेला नाही. अधिकृत आकडेवारीनुसार बायजिऊचे उत्पादन २०१६ मध्ये सुमारे १,३५८ कोटी लिटर होते. २०२४ मध्ये ते ४१५ कोटी लिटरच्या आसपास आले. यातील काही घट मोजणीच्या बदललेल्या निकषांमुळे आहे. जून २०२२ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय मानकाने बाहेरून सुवास मिसळलेल्या मद्याला बायजिऊच्या व्याख्येतून वगळले. तरीही एकूण कल घटीचाच आहे. मे २०२५ मध्ये सरकारी मेजवान्यांतून मद्य हद्दपार करणारे नियम आल्याने महागड्या मद्याच्या मागणीला आणखी धक्का बसला. खप घटत असताना प्रत्येक घाणीचा दर्जा सारखा ठेवणे आणि धान्याची नासाडी टाळणे, ही चैन नसून निकड ठरते.

त्याच वेळी या उद्योगाची प्रतिष्ठा हाताच्या कौशल्यावर उभी आहे. माओताई, लुझोउ आणि शिंगह्वाछुन येथील मद्यनिर्मितीच्या पारंपरिक पद्धतींना चीनने २००६ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या पहिल्या राष्ट्रीय यादीत स्थान दिले. माओताईचे वर्षभराचे चक्र, त्यातील नऊ वेळा वाफवणे, आठ वेळा आंबवणे आणि सात वेळा मद्य काढणे यांचे वर्णन कंपनी अभिमानाने करते. याच कंपनीने २०१७ मध्ये बाजारमूल्यात ब्रिटनच्या 'दिआजिओ'ला मागे टाकून जगातील सर्वांत मूल्यवान मद्यकंपनी होण्याचा मान मिळवला. त्या किमतीत परंपरेच्या वलयाचा वाटा मोठा आहे. बाटलीवर कारागिराच्या हाताचे गुणगान आणि कारखान्यात त्या हाताला पर्याय, असा हा विरोधाभास आहे.

त्यात सर्वाधिक काही गमावण्यासारखे आहे ते कारागिराचे. मुठीचा अंदाज शिकायला वर्षे लागतात आणि तो कागदावर उतरत नाही. म्हणूनच अनुभवी कारागिराचे मोल टिकून होते. कॅमेऱ्याच्या गणिताला लागणारे नमुने निवडताना याच कारागिराची जाण वापरली जाणार. कोणता ढीग चांगला आणि कोणता बिघडलेला, हे आधी तोच सांगणार. एकदा ती जाण संगणकात शिरली, की तिच्यावर मालकी कंपनीची होणार. तिच्या बदल्यात कारागिराला काय मिळणार, याचे उत्तर प्रकाशसंशोधनाच्या कक्षेबाहेर आहे.

म्हणून यंत्र नकोच, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. मुठीच्या अंदाजालाही मर्यादा आहेत. दोन कारागिरांच्या मुठी एकसारख्या नसतात. रात्रपाळीच्या शेवटी थकलेला हात सकाळच्या हातासारखा नसतो. मुठीने दिलेला निर्णय नंतर तपासताही येत नाही. कॅमेऱ्याचा निर्णय तपासता येतो, मात्र त्याला शिकवलेले नमुने, गणित आणि चुकीचे प्रमाण खुले ठेवले तरच. ते बंद ठेवले, तर अनुभवी हाताची जागा केवळ एका अपारदर्शक पेटीने घेतली, एवढेच होईल.

आपल्याकडचा धडा

महाराष्ट्र हे देशातील प्रमुख ज्वारी उत्पादक राज्य आहे. ज्वारीपासून मद्य हा विषय येथे नवा नाही. पावसाने काळी पडलेली ज्वारी मार्गी लागावी, असे कारण देत राज्य सरकारने २००७ मध्ये धान्यापासून मद्यार्क तयार करणाऱ्या प्रकल्पांना प्रोत्साहन देण्याचे धोरण आणले आणि त्यावरून पुढची काही वर्षे मोठे वादळ उठले. मात्र या प्रकल्पांत धान्याचा द्राव आंबवला जातो. त्यामुळे ढिगातील ओलाव्याचा चिनी प्रश्न येथे उद्भवत नाही. आपल्याकडे ओलाव्याचा प्रश्न उभा राहतो तो त्याआधी, धान्याच्या खरेदीच्या काट्यावर.

सोयाबीनचे उदाहरण ताजे आहे. २०२४-२५ च्या खरीप हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. तथापि हमीभावाने खरेदीसाठी ओलावा १२ टक्क्यांपर्यंतच असावा, ही अट होती. परतीच्या पावसाने भिजलेला माल केंद्रावर नेऊन परत आणण्याची वेळ अनेक शेतकऱ्यांवर आली. अखेर राज्यातील विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, नोव्हेंबर २०२४ मध्ये, केंद्राने त्या हंगामापुरती ही मर्यादा १५ टक्क्यांवर नेली. १०० किलो सोयाबीनमध्ये १५ टक्के ओलावा असेल, तर कोरडा माल ८५ किलो भरतो. १२ टक्क्यांच्या हिशेबाने हा माल साडेशहाण्णव किलोंच्या बरोबरीचा होतो. फरक साडेतीन किलोंचा. या फरकापोटी भावात कपात करणे समजण्यासारखे आहे. संपूर्ण माल नाकारणे ही मात्र आकड्याच्या आधारे घेतलेली वेगळीच भूमिका आहे. आणि तो आकडा येतो ओंजळभर दाण्यांवरून, खरेदीदाराच्या हातातील यंत्रातून. पोत्याच्या वरच्या थरातील दाणे घेतले की तळातील, यावर शेतकऱ्याची दिवसभराची पायपीट ठरते.

उद्या पोत्यातील धान्य पट्ट्यावर पसरून त्याच्या ओलाव्याचा नकाशा दाखवणारा कॅमेरा खरेदी केंद्रावर आला, तर मूठभर दाण्यांवरून सगळ्या पोत्याचे भवितव्य ठरवण्याची पद्धत संपू शकेल. त्या अर्थाने सिचुआनमधील प्रयोग आपल्यासाठीही मोलाचे आहेत. परंतु तो कॅमेरा कोणत्या भागातील, कोणत्या वाणाच्या धान्यावर शिकलेला आहे, त्याची पडताळणी कोण आणि किती वेळा करतो आणि शेतकऱ्याला फेरतपासणी मागण्याचा हक्क आहे की नाही, हे प्रश्न यंत्राच्या खरेदीपूर्वी विचारावे लागतील. वाफसा पाहणाऱ्या शेतकऱ्याची मूठ चुकली, तर पेरणी त्याचीच वाया जाते. काट्यावरचे यंत्र चुकले, तरी नुकसान त्याचेच होते. म्हणूनच ओलाव्याचा आकडा दाखवणाऱ्याने तो कसा काढला, हे सांगण्याचे बंधनही स्वीकारले पाहिजे.